नुसतं चालून वजन उतरतं का?

प्रश्न रत्नागिरीतल्या एका शिक्षिकेचा आहे. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. फेब्रुवारीपासून त्या तिघी-चौघी मैत्रिणींबरोबर सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर पाऊण तास चालतात, रविवार सोडून रोज. आता मे उजाडला आणि वजन जेमतेम एक किलो कमी झालंय. जिमला जाणारा भाचा म्हणतो, "मावशी, चालणं हा काही व्यायाम नाही." त्यांनी विचारलंय की चालण्यात खरंच अर्थ आहे का, की ते सोडून जिम लावावी? आणि सत्तरीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांनी चालावं का?

ताई, चालणं अजिबात सोडू नका. पण सध्या चालता तसंच चालत राहिलात आणि बाकी काहीच बदललं नाही, तर वजन याच गतीने उतरेल. ही गती तुम्हाला निराश करतेय, म्हणून आधी ती अशी का आहे ते सांगते. मी याच जिल्ह्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आणि "एवढं चालते तरी काटा हलत नाही" हे गाऱ्हाणं माझ्याकडे फार येतं. बहुतेक जणी ते सांगताना अपराध्यासारखा चेहरा करतात. तुमच्या बाबतीत अपराध वाटावं असं काहीही नाही, हे थोडा हिशेब केला की दिसेल.

सपाट जमिनीवर एक किलोमीटर चालायला, तेवढा वेळ स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा लागली असती त्यापेक्षा, दर किलो वजनामागे साधारण अर्धी कॅलरी जास्त लागते. तुमचं वजन ७४, म्हणजे किलोमीटरला ३७ कॅलरी. पुलाकडच्या टोकापासून झरी विनायकापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे तीनेक किलोमीटर. झाल्या ११० कॅलरी. आठवड्याचे सहा दिवस धरले तर साडेसहाशेच्या आसपास. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. भागून बघा, एक किलोला बारा आठवडे लागतात. तुमचे तीन महिने झाले आणि एक किलो गेला. चालण्याने त्याचं काम हिशेबाप्रमाणे चोख केलंय.

तुमच्या मोबाइलवर किंवा हातातल्या घड्याळावर कदाचित याच्या दीडपट-दुप्पट आकडा दिसत असेल. बरीच ॲप्स त्या पाऊण तासात नुसतं बसूनही जळल्या असत्या त्या कॅलरी त्यात मिळवतात. शिवाय ती अंदाजावर चालतात. त्या आकड्यावर विसंबून "आज तीनशे जाळल्या, एक वडा चालेल" असं ठरवू नका. मध्यम आकाराच्या एका बटाटेवड्यात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे झरी विनायकाच्या जवळजवळ दोन फेऱ्या. परत येताना टपरीवर चहा होतो का, त्याबरोबर काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण भाट्याला, मांडवीला सकाळी चालून आलेले घोळके चहाच्या टपरीवर मी रोज बघते, म्हणून विचारते.

दुसरी गोष्ट आणखी नकळत होते. सकाळी पाऊण तास चाललं की मन म्हणतं, आजचा व्यायाम झाला. मग दिवसभर शरीर आपोआप काटकसर करतं. दूध आणायला गाडी काढली जाते, वरच्या मजल्यावरची वस्तू मुलाला आणायला सांगितली जाते, दुपारी आडवं व्हायचा वेळ वाढतो. शिवाय भूकही थोडी वाढते. व्यायामावर झालेल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय की कागदावर जेवढं वजन उतरायला हवं त्यापेक्षा प्रत्यक्षात कमी उतरतं. तुमच्या आजीच्या वेळी कोणी "वॉक"ला जात नव्हतं, पण विहिरीवरून पाणी होतं, लाकूडफाटा होता, लावणीला दिवसच्या दिवस वाकून चिखलात उभं राहणं होतं, बाजार चालत होता. पंप आला, गॅस आला, मिक्सर आला, स्कूटी आली. ही सगळी सोय हवीच, त्या कष्टांचं मला कौतुक नाही, त्यांनी बायकांच्या कंबरा मोडल्यात. पण त्यातून गेलेली हालचाल सकाळच्या पाऊण तासात भरून निघत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी उरलेल्या तेवीस तासांबद्दल विचारते. तुम्ही शाळेत दिवसभर खुर्चीवर बसून शिकवता की उभ्याने? मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्येच असता का? शाळा दीड-दोन किलोमीटरवर असेल तर एका बाजूने तरी चालत जा. नुसती सोय म्हणून सांगत नाही, हे अंतर वर्षभर टिकतं. किनाऱ्यावरची फेरी पहिल्या पावसात बंद पडते.

आता ताटाकडे येते, कारण वजन मुख्यतः तिथे उतरतं. कोकणातलं जेवण वाईट नाही. मासे, कुळीथ, उकड्या तांदळाची पेज, कोकम, पालेभाज्या, याहून चांगलं काय हवं? अडचण तीन जागी येते: भाताचं प्रमाण, खोबरं आणि तळण.

माझ्या एका पेशंट बाईंना मी आठवडाभर फक्त एकच गोष्ट लिहायला सांगितली होती, वाटणाला रोज किती नारळ लागतो. त्या म्हणत होत्या, "खोबरं आम्ही कमीच वापरतो हो." वही आली तेव्हा चौघांच्या घरात रोज जवळपास एक नारळ फुटत होता. सकाळी घावण्याबरोबर चटणी, दुपारी माशाच्या कढीचं वाटण, भाजीवर पेरलेलं खोबरं, संध्याकाळी सोलकढीचा रस. यातली एकही गोष्ट त्यांना "खाणं" वाटत नव्हती, ती सगळी चव होती. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. एका मध्यम नारळाचं खोबरं म्हणजे हजाराच्या आसपास. चौघांत वाटलं तरी माणशी अडीचशे. त्यांनी नारळ अर्ध्यावर आणला. चटणी दिवसाआड केली, कढीत वाटण निम्मं करून तिरफळ आणि कोकमाचं आगळ वाढवलं, सोलकढीऐवजी आठवड्यातले बरेच दिवस नारळाचा रस न घालता फुटी कढी केली. घरातल्या पुरुषांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. या एका बदलाने माणशी सव्वाशे कॅलरी कमी झाल्या. तुमच्या भाट्याच्या पूर्ण फेरीला जेवढ्या जळतात त्यापेक्षा या जास्त आहेत, आणि त्यासाठी पहाटे उठावं लागलं नाही.

खोबरं सोडा असं मी कोणालाही सांगत नाही. कोकणातल्या घरात ते सांगून चालतही नाही. निम्मं करा, एवढंच म्हणते.

भाताचं तसंच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी. आपल्याकडे दोन्ही वेळा भात, आणि आमटी-कढी चांगली झाली की "थोडासा अजून" होतोच. एक दिवस वाढून घेतलेला भात काट्यावर ठेवून बघा, स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा चालेल. बहुतेक बायकांना आपण दीडशे ग्रॅम खातो असं वाटत असतं आणि काटा तीनशे दाखवतो. भात थोडा कमी करून त्या जागी मासळीचा एक तुकडा जास्त घ्या, तोही रव्यात घोळवून तेलात तळलेला नको, तव्यावर थोड्या तेलात भाजलेला किंवा कढीतला घ्या. बांगडा, तारली, मोरी, काहीही चालेल. शाकाहारी असाल तर कुळथाची पिठी, उसळ, दही. प्रथिनं पोटात असली की पुढच्या जेवणापर्यंत भूक आवरते आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. वयाच्या चाळिशीनंतर हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुन्हा येईन.

हा मोसम आंब्याचा आहे, त्यामुळे तेही विचाराल. मध्यम हापूसच्या गरात शंभराच्या आसपास कॅलरी असतात. दुपारच्या खाण्याऐवजी एक आंबा कापून खाल्लात तर वजनाला धक्का लागत नाही. जेवणावर वाडगाभर आमरस आणि तोही साखर घालून, ही वेगळी गोष्ट झाली. त्यात तीन आंबे सहज जातात आणि पोळ्याही वाढतात. मूठ-मूठ भाजके काजू तोंडात टाकणं त्याहून वाईट, शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. मधुमेह असलेल्यांनी आंबा किती खायचा हे आपापल्या डॉक्टरांना विचारावं, सगळ्यांना एकच नियम लागत नाही.

खोबरं निम्मं, भात शंभर ग्रॅम कमी, दिवसाच्या तीन-चार चहांतली साखर निम्मी. इतकं केलं तर रोजच्या सव्वातीनशे कॅलरी कमी होतात, उपाशी न राहता. त्यात चालणं थोडं सुधारलं तर आठवड्याची तूट तीन हजार कॅलरींच्या वर जाते, म्हणजे सुरुवातीला आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास. पुढे गती मंदावते, कारण हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते. सहा महिन्यांत चार-पाच किलो, ही तुमच्यासाठी रास्त अपेक्षा आहे. यापेक्षा झटपट उतरवून देतो म्हणणाऱ्या पावडरी आणि चहांच्या नादी लागू नका.

मग चालणं कशासाठी, असं तुम्ही म्हणाल. त्याची कारणं भरपूर आहेत आणि त्यांतलं सगळ्यात मोठं वजनकाट्यावर दिसत नाही.

अमेरिकेत २००२ साली मधुमेह प्रतिबंधाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं, मुख्यतः झपझप चालण्याइतका व्यायाम करायचा, असं ध्येय दिलं होतं. साधारण तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिली होती, त्यांच्यात ते ३१ टक्क्यांनी घटलं. आपल्याला जास्त जवळचा अभ्यास चेन्नईचा, २००६ सालचा. तिथेही उंबरठ्यावरच्या लोकांना खाण्यात बदल आणि रोज निदान अर्धा तास झपझप चालणं सांगितलं होतं. त्यांचं वजन फारसं उतरलंच नाही. तरीही मधुमेह होण्याचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं. हा निष्कर्ष मी पेशंटांना आवर्जून सांगते. काटा जागचा हलला नाही तरी आत फरक पडत असतो. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, यकृतातली आणि पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी कमी होते, रक्तदाब थोडा उतरतो, झोप सुधारते. आपण भारतीय कमी वजनातच मधुमेही होतो. म्हणून आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्स (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे स्थूल धरतात. तुमचा जवळपास ३१ येतो. त्यामुळे वजनाबरोबर कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांत ९० च्या आत असावी. चार महिने नीट चाललेल्या बाईचं वजन दोनच किलो उतरलेलं असतं, पण परकराची नाडी दोन बोटं आत येते. ते खरं यश आहे.

चालण्याचा दुसरा मोठा उपयोग वजन उतरल्यानंतरचा आहे. उतरलेलं वजन परत चढू न देणं हे उतरवण्यापेक्षा अवघड. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी बरंच वजन उतरवलं आणि ते टिकवलं. त्यांच्यातले बहुतेक जण रोज तासाभराचा व्यायाम करतात आणि त्यात सर्वांत जास्त केला जाणारा व्यायाम चालणं हाच आहे. म्हणून आज सवय मोडू नका. तिची खरी गरज पुढे लागणार आहे.

आता चालायचं कसं. तुमच्या पाऊण तासात तीनच किलोमीटर होतात, याचा अर्थ घोळका सगळ्यात सावकाश चालणाऱ्या मैत्रिणीच्या वेगाने चालतो आणि मध्ये थांबतोही. मैत्रिणी सोडू नका, त्यांच्यामुळे तुम्ही रोज उठता. पण जाताना आपापल्या वेगाने जा आणि परत येताना एकत्र गप्पा मारत या. वेग ओळखायचा सोपा उपाय असा: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. किंवा पंधरा सेकंदांत पावलं मोजा, पंचवीसच्या खाली नकोत. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे मध्यम व्यायामाची सुरुवात, ११०-१२० आणखी चांगली. पाऊण तासात चार किलोमीटर झाले तर खर्च १५० कॅलरीपर्यंत जातो. आणि दहा हजार पावलांचा ध्यास नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे.

कोकणाची भूमी या बाबतीत उदार आहे, आणि आपण तिचा उपयोग करत नाही. चढ घ्या. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता त्याच वेगाने चढलात तर सपाटीपेक्षा चालण्याचा खर्च जवळपास दुप्पट होतो. उतरताना अर्थातच कमी लागतो, तरीही चढ-उतार मिळून फायदाच आहे, आणि मांड्यांना, दमाला जे मिळतं ते सपाट वाळूवर मिळत नाही. आठवड्यातले दोन दिवस भाट्याऐवजी रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत चढून जा. ज्यांच्या गावात समुद्रच नाही त्यांना तर घाटी आणि पाखाड्या, म्हणजे चढणीच्या दगडी पायऱ्यांच्या वाटा, दारातच असतात. रोज गाडीरस्त्याने वळसा घालून जाणारी माणसं पाखाडीने वर चढली तरी पुष्कळ झालं.

आणि वाळू. ओहोटीची ओली, दबलेली वाळू जवळपास रस्त्यासारखी असते, तिथे खर्च फारसा वाढत नाही. पण वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पाय आत ओढते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा वाळूत चालायला कडक जमिनीच्या तुलनेत दोन ते पावणेतीन पट ऊर्जा लागते असं मोजलं गेलंय. म्हणून सगळी फेरी ओल्या वाळूवर न करता मध्ये पाच-पाच मिनिटं कोरड्या वाळूत चाला. किती वाढवायचं ते टाच आणि पोटरी सांगेल, पहिल्या आठवड्यात हट्ट नको. यासाठी पंचांग उपयोगी पडतं. दर्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळी सहाला भरती असते, ओली वाळू पाण्याखाली जाते आणि वरची मऊ वाळूच उरते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पहाटे ओहोटी असते, किनारा रुंद आणि टणक मिळतो. अष्टमीला कोरड्या वाळूत कमी अंतर, पौर्णिमेला ओल्या वाळूवर लांब आणि झपझप, असं ठरवलंत तर व्यायाम आपोआप बदलता राहील.

किनारा पाण्याकडे कलता असतो. एकाच दिशेने लांब चाललं की एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर, खुबा, गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. गेलात त्याच पट्ट्यातून परत या, म्हणजे दोन्ही पायांना वाटून जातं. टाच दुखत असेल तर अनवाणी चालू नका. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर वाळूत अनवाणी कधीच चालू नये. शिंपल्याची, खडकावरच्या कालवांची धार लागते, मासे धरायचा गळ रुततो, आणि घरी येऊन पायाला रक्त दिसेपर्यंत कळतही नाही. अशा जखमांतून बोट गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांना साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी झपझप चालू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारावं. चालताना छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, नेहमीच्या अंतरात नव्याने धाप लागणं, असं काही झालं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. ते पित्त आहे असं स्वतः ठरवू नका.

भाच्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. व्यायाम नाही हे त्याचं बोलणं चूक, पण चालण्यात एक उणीव आहे हे खरं. चालल्याने स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही. चाळिशीनंतर स्नायू दर वर्षी थोडे थोडे कमी होत जातात, रजोनिवृत्तीच्या आसपास जास्त जाणवतं, आणि नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितलेत. तुमचं पहिलं मिनिटांनी पूर्ण होतंय, वेग वाढवलात की खऱ्या अर्थाने होईल. दुसरं अजून सुरूच झालेलं नाही. जिम जवळ आहे, परवडते, वातावरण बरं वाटतं, तर आठवड्यातून दोन दिवस जरूर जा, पण चालणं सोडून नको. नसेल जमत तर घरीच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पायरीवर चढ-उतर, पाण्याने भरलेली कळशी दोन्ही हातांनी जमिनीवरून नीट कंबर सरळ ठेवून उचलणं, प्रत्येकी दहा-दहा, दोन-तीन वेळा. वीस मिनिटांत होतं. धावण्याबद्दल विचाराल तर धावायला किलोमीटरमागे चालण्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते, ते मान्य. पण ७४ किलो वजन आणि सवय नसलेले गुडघे घेऊन धावायला लागलेल्या बायका दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे पाय घेऊन येतात. आधी पाच किलो उतरू द्या.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायची सवय वेगळी लावा. यात फार कॅलरी जळत नाहीत, पण जेवणानंतर चढणारी साखर बरीच आटोक्यात राहते. रात्री अंगणात शतपावली घालायची ती पद्धत योग्यच होती. फक्त अंधारात बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. आपल्या जांभ्याच्या कातळात फुरसं आणि विंचू असतात, शतपावलीला निघून दवाखान्यात पोचायला नको.

जून तोंडावर आलाय, म्हणून पावसाचं आत्ताच ठरवून ठेवा. आपल्या किनाऱ्यावर मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, "आज पाऊस आहे, उद्या बघू" असं म्हणत सप्टेंबर उजाडतो, मग गणपती, मग दिवाळी. चालणं एकदा तुटलं की ते असं तुटतं. शाळेचा लांब व्हरांडा तुमच्या हातात आहे, मुलं यायच्या आधी अर्धा तास तिथे फेऱ्या मारा. घरी जिना असेल तर पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करा, एका वेळी तीस मिनिटं व्हायलाच हवीत असं नाही. जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ धरलं की तिकडे फिरकू नका, घोट्याचं हाड मोडायला एक पायरी पुरते. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या कडेने चालू नका. पायाला भेगा किंवा जखम असताना शेताच्या, गोठ्याच्या चिखलातून अनवाणी जाऊ नका, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका कोकणात खरा आहे.

मे महिन्यातल्या घामाने फसू नका हेही सांगून ठेवते. चालून आल्यावर काटा अर्धा किलो कमी दाखवतो ते पाणी असतं, दोन ग्लास प्यायलात की परत येतं. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. पाळीच्या आधीचे दिवस सोडा, तेव्हा अंगात पाणी साठतं. थायरॉइड आणि साखरेची तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या, आणि कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांतली एखादी वजन वाढवणारी आहे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतः मात्र बंद करू नका.

सासूबाईंनी चालावं, नक्की चालावं. गुडघ्याची झीज असली तरी सपाटीवर बेताचं चालल्याने ती वाढत नाही, उलट मांडीचे स्नायू टिकले तर दुखणं कमी होतं. त्यांना कोरडी वाळू नको, चढ-उतार नकोत, तुमच्या घोळक्याबरोबर फरफट नको. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर किंवा ओहोटीच्या टणक वाळूवर दहा मिनिटांनी सुरुवात करू द्या, दिवसातून दोनदा, मागची पकड घट्ट असलेले बूट घालून. चालल्यावर दुखणं दोन तासांनंतरही जास्तच राहिलं तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी करा, बंद करू नका. दिवसातून दोन-तीनदा खुर्चीवर बसून पाय गुडघ्यात सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा, दहा-दहा वेळा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा चालताना अडकायला लागला तर मात्र दाखवून घ्या. आणि ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो त्याच्या उलट हातात काठी घ्यायची, बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.